लाल सुई, हिरवी सुई: एटी-व्हीएम९५ कार्ट्रिजच्या सुईबदलाच्या नोंदी, नाशिक

३० नोव्हेंबर २०२४

काम असं: टर्नटेबलवरची झिजलेली सुई काढून नवी बसवायची, आणि ती खरंच चांगली वाजते की नुसती नवी आहे म्हणून चांगली वाटते, याचा निकाल लावायचा. बसवायला दोन मिनिटं पुरतात. निकालासाठी दोन महिने धरलेत, कारण मध्ये नाशिकची थंडी येते आणि सुईच्या रबराला थंडी बाधते.

टेबल डायरेक्ट ड्राइव्ह, एस आकाराचा आर्म, आर्मच्या टोकाला सुटा होणारा हेडशेल, आणि त्यावर सुई धरणारं कार्ट्रिज. ३३, ४५ आणि ७८ या तिन्ही गती. कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ई, म्हणजे हिरव्या सुईचं. या घराण्याची सोय अशी की कार्ट्रिजचं धड एकच आणि सुया सहा: निळी गोल टोकाची, हिरवी लंबवर्तुळी, नारिंगी तीच पण अखंड हिऱ्याची, लाल मायक्रोलिनिअर आणि तपकिरी शिबाता या बारीक घडणीच्या टोकांच्या, आणि काळी ७८ च्या तबकड्यांसाठी. धड हेडशेलवरून न काढता यातली कुठलीही चढते.

सुई बदलल्याने विजेच्या बाजूचं फारसं काही बदलत नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं बरं. वेटोळी धडात असतात. सुईबरोबर बदलतात ते हिरा, दांडी, रबर आणि दांडीच्या मागच्या टोकाचे दोन छोटे चुंबक. वेटोळ्यांचा रोध ४८५ ओहम आणि इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री तसाच राहतो. आपली केबल आर्मच्या तारांसकट ९० पिकोफॅरड, प्रीअँपचा (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) इनपुट १००, एकूण १९०. ५५० मिलिहेन्रीशी त्याचा अनुनाद साडेपंधरा किलोहर्ट्झच्या आसपास येतो. निर्मात्याची शिफारस १०० ते २०० पिकोफॅरड, त्यात आपण बसतो. कुणी लांब केबल लावून हाच आकडा ४०० वर नेला तर अनुनाद पावणेअकरा किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो, 'स' आणि 'श' टोचायला लागतात, आणि खापर फुटतं सुईवर. म्हणून पुढचे दोन महिने केबलला हात लावायचा नाही.

२ डिसेंबर

जुन्या सुईची तपासणी. वहीतल्या टिपणांवरून ती सुमारे ६५० तास वाजली आहे. निर्माता लंबवर्तुळी सुईला ३०० तास देतो. २० मिनिटांची एक बाजू धरली तर ९०० बाजू. म्हणजे दुपटीहून जास्त झालं.

यूएसबी मायक्रोस्कोपखाली २०० पटीत पाहिलं. पाहायची रीत अशी: हेडशेल काढून उलटा ठेवायचा, उजेड समोरून न देता बाजूने, कानस लावल्यासारखा तिरका द्यायचा. शाबूत हिरा उजेडात एक बारीक ठिपका चमकवतो. घासलेल्या हिऱ्यावर ठिपक्याऐवजी चपटा पैलू चमकतो. इथे दोन्ही बाजूंना पैलू दिसले, उजवा डाव्यापेक्षा स्पष्ट. या पैलूंच्या कडा धारदार असतात. नुसता आवाज खराब झाला असता तर चालवून घेता आलं असतं, पण ही धार खाचेच्या भिंती तासते, आणि तासली गेलेली रेकॉर्ड कुठल्याच नव्या सुईने परत येत नाही.

टोकावर राखाडी लिंपण होतं ते आधी काढलं: कोरड्या ब्रशने मागून पुढे, चार वेळा. मग मेलामाइन फोमच्या तुकड्यावर आर्मच्या लिफ्टने सुई सरळ खाली टेकवून सरळ वर, तीनदा. फोमवर सुई आडवी ओढली की दांडी जायबंदी होते. स्पिरिट वापरलं नाही; ते दांडीवरून वर चढून रबरापर्यंत जातं.

५ डिसेंबर

जुनी सुई काढण्याआधी तिचा आवाज टिपून ठेवला. हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग नव्या सुईची तुलना आठवणीशी होते. आठवण नेहमी नव्याच्या बाजूने कौल देते.

टिपण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. ऑडिओ इंटरफेसचा गेन एकदा लावून बटणावर चिकटपट्टी मारली. पुढच्या सगळ्या सुया याच गेनवर टिपायच्या.

तबकड्या चार. एक चाचणी तबकडी, तिच्यावर १ किलोहर्ट्झचा स्वर आधी फक्त डावीकडे, मग फक्त उजवीकडे, आणि ३०० हर्ट्झचे चढत्या पातळीचे चार पट्टे. दुसरी पं. द. वि. पलुस्करांची मोनो एलपी. पलुस्कर जन्माने नाशिकचे, १९२१ चे. ते १९५५ मध्येच गेले, त्यामुळे त्यांचा आवाज आपल्याकडे आहे तो मोनोच. तिसरी स्टिरिओ भावगीतांची एलपी, स्त्रीचा आवाज, बाजूचं शेवटचं गाणं 'स'कारांनी भरलेलं. चौथी मुद्दाम घेतलेली, जड पिकअपने वर्षानुवर्षं वाजवून घासलेली.

सगळ्या आधी धुतल्या. बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी, त्यात दहावा हिस्सा आयसोप्रोपाइल आणि लिटरला दोन थेंब बिनरंगाचं, बिनवासाचं धुण्याचं द्रावण. शेवटी नुसत्या पाण्याने पुन्हा. बोअरचं पाणी नको. क्षार खाचेत सुकतात आणि पहिल्या वादनात करकरतात.

जुन्या सुईचे आकडे: ३०० हर्ट्झचे पहिले दोन पट्टे स्वच्छ, तिसऱ्यावर उजवीकडे गुणगुण, चौथ्यावर दोन्हीकडे.

१० डिसेंबर

'व्हीएम९५ ला चालते' म्हणून विकली जाणारी एक बिननावाची सुई मागवली होती. किंमत मूळ सुईच्या निम्म्याहून कमी. आज आली, आजच परत जायला निघाली.

समोरून भिंगातून पाहिल्यावर दांडी उभ्या रेषेपासून डावीकडे झुकलेली दिसली, अंदाजे तीन अंश. अशा वेळी पहिली शंका हेडशेलवर घ्यायची. ती फेडायची सोपी रीत म्हणजे त्याच धडावर जुनी सुई परत चढवायची. जुनी सरळ बसली. म्हणजे हेडशेल निर्दोष, वाकडेपणा नव्या सुईचाच.

हेडशेल उलट्या बाजूला फिरवून दांडी सरळ करता येते, असं सुचवलं जातं. या जातीच्या कार्ट्रिजमध्ये ते अर्धंच खरं. हिरा खाचेत सरळ उभा राहील, पण दांडीच्या मागचे चुंबक वेटोळ्यांच्या मानाने फिरलेले ते फिरलेलेच राहतील. डाव्या भिंतीचा आवाज उजव्या वेटोळ्यात गळतो तो त्यामुळेच. चाचणी तबकडीने तेच दाखवलं: डावीकडच्या स्वराची उजवीकडे गळती फक्त १२ डेसिबल खाली, आणि दोन्ही बाजूंच्या पातळीत ३ डेसिबलचा फरक. हिरव्या मूळ सुईची विभागणी निर्माता २० डेसिबल सांगतो, लाल सुईची २३.

स्वस्त सुई म्हणजे वाईटच असं नाही. पण घ्यायची तर परत करता येईल अशाच अटीवर घ्यावी, आणि वाजवण्याआधी भिंगातून पाहावी.

१४ डिसेंबर

आता हिरवी परत घ्यायची की लाल? लाल घ्यायचं ठरलं. कारण भूमितीचं आहे आणि ते इथे मांडून ठेवतो.

३३⅓ फेऱ्यांना रेकॉर्डच्या काठाशी, १४६ मिमी त्रिज्येवर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. आत ६० मिमीवर तीच फक्त २१ सेंटिमीटर. १५ किलोहर्ट्झचा एक पूर्ण हेलकावा काठाशी ३४ मायक्रॉन लांब, आत फक्त १४ मायक्रॉन. हिरव्या सुईची खाचेच्या भिंतीला भिडणारी बाजूची त्रिज्या ०.३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साडेसात मायक्रॉन. १४ मायक्रॉनच्या हेलकाव्यात इतका जाड गोलवा पूर्ण उतरतच नाही. तो वळणांच्या माथ्यांवरून घसरत जातो. लाल सुईची ही त्रिज्या ०.१२ मिल, ३ मायक्रॉन. ती उतरते. शेवटच्या गाण्यातले 'स' का फाटतात आणि पहिल्या गाण्यातले का नाहीत, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दुसरं कारण आयुष्य. निर्माता मायक्रोलिनिअरला १००० तास देतो. किंमत तिपटीच्या आत असेल तर तासाचा हिशेब लालच्या बाजूने पडतो.

१८ डिसेंबर

लाल सुई, व्हीएमएन९५एमएल, बसवली.

अ‍ॅम्प्लिफायर बंद. आर्म खुंटीला अडकवला, हेडशेल काढून पांढऱ्या फडक्यावर घेतला. पांढऱ्या कारण सुई सुटून पडली तर दिसते. डाव्या हाताच्या चिमटीत धड, उजव्या हाताच्या चिमटीत रंगीत भागाच्या दोन्ही बाजू. हिरवी पुढे आणि खाली अशी तिरकी ओढली की सुटते. लाल बसवताना मागची कड आधी खाचेत, मग पुढचा भाग वर दाबायचा. 'टक्' असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आला नाही तर बसली नाही असं समजून पुन्हा काढायची. अर्धवट बसलेली सुई वाजते, पण एक बाजू मंद येते आणि दोष तारांमध्ये शोधण्यात दिवस जातो. कडेने पाहिलं, धड आणि रंगीत भाग यांत फट नाही.

सुईचं झाकण पुढच्या सगळ्या जुळवणीत शक्य तितका वेळ लावून ठेवलं.

भार. लाल सुईची शिफारस २.० ग्रॅम, चालणारा पल्ला १.८ ते २.२. काउंटरवेट तसाच ठेवून मोजलं तर हिरव्याला २.०० दाखवणारा आर्म लालला २.०६ दाखवत होता. बदल छोटा आहे, पण सुई बदलली की भार पुन्हा मोजायचा हे यासाठी.

तराजू ०.०१ ग्रॅमचा. सराफ बाजारातल्या प्रमाणित २ आणि ५ ग्रॅम वजनांशी ताडून घेतला. २ वर २.०१, ५ वर ५.०१. चालेल. दोन गोष्टी मात्र तपासाव्याच लागतात. तराजूची पाटी रेकॉर्डच्या पृष्ठभागाच्याच उंचीला हवी, नाहीतर आर्म वर उचललेल्या अवस्थेतला भार मोजला जातो आणि बऱ्याच आर्ममध्ये तो वेगळा असतो. आणि तराजूच्या पोटात लोखंड असेल तर कार्ट्रिजचा चुंबक तिकडे ओढला जाऊन आकडा फुगतो. ओळखायचं कसं? आर्म शून्यावर तोलून तराजूवर चार-पाच मिलिमीटर तरंगत ठेवायचा. आपसूक खाली झुकला तर तो तराजू या कामाचा नाही. आपला पहिला तराजू असाच बाद झाला.

कोन. दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर, ६६.० आणि १२०.९ मिमी. इथे एक चूक सर्रास होते: रेघेला कार्ट्रिजचं धड समांतर लावलं जातं. समांतर लागते ती दांडी. नव्या सुईत दांडी धडाच्या मधल्या रेषेपासून किंचितशी डावीकडे होती, कागदाच्या जाडीएवढी. हा फरक सहन करण्याजोगा आहे. धडाला अगदी थोडा पीळ देऊन दांडी दोन्ही बिंदूंवर रेघेवर आणली. धडात आटे असल्याने वेगळे नट लागत नाहीत. पण आटे प्लास्टिकच्या धडात आहेत, स्क्रू बोटभर जोराने कसले की पुरे.

उंची. आर्म रेकॉर्डला समांतर, हेडशेलवर आडव्या रेघांचं कार्ड उभं धरून. लंबवर्तुळी सुई उंचीतला एक-दोन मिलिमीटरचा फरक पोटात घालते, मायक्रोलिनिअर तितकं घालत नाही. सुरुवात समांतरने, बारीक जुळवणी जानेवारीत.

१९ डिसेंबर

आर्म आणि सुई मिळून होणाऱ्या अनुनादाचा हिशेब, थोडक्यात; केबलचा तो वेगळा. हिरव्या सुईची लवचीकता १०० हर्ट्झला ७, लालची १० (गुणिले १०⁻⁶ सेंमी प्रति डाइन). १० हर्ट्झला नेण्यासाठी ढोबळ १.७ ने गुणलं: १२ आणि १७. आर्मचं प्रभावी वस्तुमान १२ ग्रॅम, कार्ट्रिज ६.१, स्क्रू मिळून एकूण १९. १५९ भागिले दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ: हिरवीला साडेदहा हर्ट्झ, लालला पावणेनऊच्या किंचित वर. ८ ते १२ च्या पट्ट्यात दोन्ही. जड लाकडी हेडशेल लावून आणखी सहा-सात ग्रॅम वाढवले तर लाल साडेसातवर येईल आणि वाकलेल्या रेकॉर्डवर वूफरचे पडदे हलताना दिसतील. दिसायला सुंदर असला तरी तो हेडशेल इथे नको.

२० ते ३१ डिसेंबर

रोज दीड ते दोन तास वादन, एकूण १९ तास. या काळात आवाजाबद्दल काहीही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. रबर सैल होत असतं. दर बाजूनंतर ब्रश. भार १९ तासांनी पुन्हा मोजला, २.००.

कोरड्या हवेत स्थिर वीज फार आहे. फेल्टची चटई रेकॉर्डला चिकटून वर येते. रबरी चटई टाकली, प्रश्न मिटला.

६ जानेवारी २०२५

या नोंदवहीतला सगळ्यांत उपयोगी दिवस.

सकाळी साडेसहाला खोलीत १२ अंश. चाचणी तबकडी लावली. ३०० हर्ट्झचा तिसरा पट्टा नव्या सुईवर फुटला, उजवीकडे. जुनी झिजलेली सुईही याच पट्ट्यावर फुटली होती. म्हणजे दामदुप्पट किमतीची सुई जुन्याच पायरीवर? जुळवणी तपासली, काही हललेलं नाही.

कशालाही हात न लावता साडेदहाला, ऊन खोलीत आल्यावर, २१ अंशाला तीच तबकडी. तिसरा पट्टा स्वच्छ, चौथ्यावर अगदी शेवटी किंचित गुणगुण.

७ आणि ८ तारखेला हेच पुन्हा केलं. सकाळी १२ आणि १३ अंशाला फुटतो, दुपारी २२ ला फुटत नाही. तीनही दिवस एकच निकाल.

कारण दांडीच्या बुडाशी असलेल्या रबराच्या कडीत आहे. गार रबर ताठरतं, दांडी मोठ्या हेलकाव्यामागे पुरेशी वाकत नाही, हिरा एका भिंतीवरून क्षणभर उचलला जातो. कानाला ते 'करर्' असं ऐकू येतं, आणि ते नेमकं सुई झिजल्यासारखंच वाटतं. थंडीत सुई घेऊन पहाटे ऐकणारा माणूस चांगली सुई परत पाठवेल, आणि उन्हाळ्यात घेणारा झिजलेली सुई वर्षभर चालवेल.

भार २.२ वर नेऊन १३ अंशाला पाहिलं: गुणगुण कमी झाली, गेली नाही. म्हणजे भार वाढवणं हा थंडीवरचा इलाज नाही, आणि तसा तो ठेवून दिला तर मे महिन्यात विनाकारण जास्त झीज. परत २.००.

शेगडी, हेअर ड्रायर, टेबलाजवळ दिवा, यातलं काही करायचं नाही, रेकॉर्ड वाकते. टेबल बाहेरच्या भिंतीकडून आतल्या भिंतीला हलवलं, तेवढ्याने पहाटे तीन अंशांचा फरक पडला. आणि नियम: १८ अंशांखाली ऐकायचं खुशाल, मत बनवायचं नाही. इथून पुढे प्रत्येक टिपणाच्या नावात तापमान.

९ जानेवारी

अँटिस्केटिंग, म्हणजे आत सरकू पाहणाऱ्या आर्मला बाहेर ओढणारा जोर. चकती २ वर असताना चौथ्या पट्ट्यावर उजवीकडे आधी गुणगुण, म्हणजे बाहेर ओढणारा जोर कमी पडतोय. २.५ वर दोन्ही बाजूंना एकाच वेळी. तिथेच ठेवलं. बिनखाचेच्या तबकडीवर आर्म स्थिर ठेवून ही जुळवणी करतात, ती इथे चालत नाही. खाचेतलं घर्षण गुळगुळीत तबकडीवर नसतं.

उंची आर्मच्या बुडाशी १ मिमीने कमी केली, 'स' अधिक बसके झाले आणि तबल्याच्या चाटेची कड बोथट झाली. परत समांतर.

१२ जानेवारी

तुलना. खोली २२ अंश.

आधी पातळी. हिरव्या सुईचं उत्पन्न ४.० मिलिव्होल्ट, लालचं ३.५. म्हणजे लाल १.२ डेसिबलने हळू असायला हवी. आपल्या टिपणात फरक १.१ आला. हा फरक न मिटवता ऐकलं तर हिरवी 'भरदार' वाटते. एवढ्याशा फरकाला कान मोठेपणा म्हणून ओळखत नाही, दर्जा म्हणून ओळखतो. १ किलोहर्ट्झच्या स्वरावर सगळी टिपणं ०.१ डेसिबलच्या आत आणली. फाइलींना क, ख, ग अशी नावं ऐकणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याने दिली.

भावगीताची एलपी, शेवटचं गाणं. एका ओळीत पाठोपाठ दोन 'स' आणि एक 'श' आहे, तेवढा चार सेकंदांचा तुकडा वीसेक वेळा ऐकला. जुन्या सुईवर तीनही अक्षरं एकाच राखाडी फुसकाऱ्याची. 'श' कुठला हे शब्द माहीत म्हणून कळतं. लालवर 'श' जिभेवर मागे आहे आणि 'स' दातांशी, आणि दोन्हींनंतरचा स्वर लगेच सुरू होतो, फुसकाऱ्याचं शेपूट त्यात मिसळत नाही. पहिल्या गाण्यात मात्र क आणि ख ओळखणं कठीण गेलं. हिशेबही तेच सांगत होता.

पलुस्करांची एलपी. मोनो, म्हणून दोन्ही बाजू बेरीज करून ऐकली. उभ्या हेलकाव्याचा कचरा त्यात बराच कटतो. हे दोन्ही सुयांना सारखंच केलं. लालवर आवाजामागचा तंबोरा सलग ऐकू येतो, झिजलेल्या हिरवीवर तो तुटक. पार्श्वभूमीची खसखस अगदी थोडी कमी. ताना आणि गमक दोन्हींवर सारख्याच स्वच्छ; तिथे हेलकावे लांब असतात, जाड टोकही उतरतं.

घासलेली रेकॉर्ड. इथे लाल हरली. बारीक टोक भिंतीला वर-खाली लांब रेषेत भिडतं, त्यामुळे जुन्या सुईने न घासलेला पट्टा सापडेल अशी आशा होती. एका बाजूला तसं झालंही. दुसऱ्या बाजूला भिंत इतकी तासलेली आहे की लाल सुई ती तासणीच नेमकी वाचते. झिजलेली सुई निदान ती लपवत होती. चरे आणि टकटक कुठल्याच सुईने कमी झाली नाही, फक्त प्रत्येक 'टक्' अधिक आखूड झाली.

डावी-उजवी गळती लालवर २४ आणि २२ डेसिबल खाली. दोन्हींत एवढा फरक चालतो. चार-पाचाच्या वर गेला असता तर हेडशेलचा पीळ पाहिला असता.

निकाल: लाल ठेवायची. हिरवी चालवायची नाही, 'कामचलाऊ रेकॉर्डसाठी' म्हणूनही नाही. तिचे पैलू पाहिले आहेत.

२६ जानेवारी

काळी सुई, व्हीएमएन९५एसपी, ७८ च्या लाखेच्या तबकड्यांसाठी. टोक गोल, ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी गाळात लोळते. नुसता खरखराट वाजतो आणि बारीक हिरा धोक्यात येतो.

भार ५.० ग्रॅम, पल्ला ४.५ ते ५.५. काउंटरवेटच्या चकतीवर विसंबायचं नाही, तराजूवर ५.०० आणायचे. उत्पन्न २.७ मिलिव्होल्ट, त्यामुळे आवाज लालपेक्षाही सव्वादोन डेसिबलने खाली. बिघाड नाही.

लाखेला आयसोप्रोपाइल लावायचंच नाही. लाख त्यात विरघळते, चकाकी जाते आणि खाचही. नुसतं पाणी, दोन थेंब द्रावण, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून काढायची.

आवाज अंधारल्यासारखा आला तर सुईला दोष देण्याआधी प्रीअँपकडे बघा. त्यातली आरआयएए वक्ररेषा, म्हणजे तबकडी वाजवताना उंच-खालच्या स्वरांचा समतोल परत आणणारी ठरलेली दुरुस्ती, १९५४ ची. ती १० किलोहर्ट्झला पावणेचौदा डेसिबल कापते, कारण एलपी कापताना तेवढंच वर चढवलेलं असतं. त्याआधीच्या बऱ्याच ७८ वर ते चढवलेलंच नाही. टिपण झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये वरचा भाग परत उचलला, ४ किलोहर्ट्झच्या वर हळूहळू, कानाने. गती ७८ वर लावून पेटीवर षड्ज धरला. एक तबकडी जवळजवळ पाव सुराने चढी होती, पिचच्या पट्टीने खाली आणली.

२ फेब्रुवारी

टेबलाच्या कडेला लेबल चिकटवलं: लाल, १८ डिसेंबर २०२४ पासून, आज ४७ तास, मायक्रोस्कोप ४०० तासांनी. काळीचे तास वेगळ्या रकान्यात.

एक सूचना लेबलावर ठळक: काळीवरून लालवर येताना सुई आधी बदलली आणि भार ५ ग्रॅमवरच राहिला तर लालची दांडी आत दबते, धड रेकॉर्डवर टेकतं आणि रबर कायमचं बसतं. म्हणून क्रम असा. काळी अजून धडावर असतानाच काउंटरवेट मागे घेऊन तराजूवर २.०० आणायचे, मग काळी काढायची, लाल चढवायची, 'टक्' ऐकायचा, झाकण काढून तराजूवर पुन्हा २.०० पाहायचे, आणि त्यानंतरच सुई रेकॉर्डवर टेकवायची. तराजू आता कपाटात जात नाही, टेबलाशेजारीच राहतो.